कवडी, फांसा आणि सूत्रधार

बैठ्या खेळांचे दोन प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. एकांत बुद्धि चालते, दुसऱ्यांत दैव चालतें. बुद्धिबळें हें पहिल्याचें उदाहरण, सापशिडी हें दुसऱ्याचें. परंतु गेल्या पन्नास वर्षांत जगभर पसरलेला एक तिसरा प्रकार मराठी घरांत अजून फारसा रुळलेला नाहीं. त्यांत प्रत्येक भिडू एकेक सोंग घेतो. कोणी शिपाई होतो, कोणी वैद्य, कोणी चोर. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो: नदीला पूर आला आहे, नाव पैलतीरीं बांधलेली आहे, मागून घोड्यांच्या टापा ऐकूं येत आहेत, आतां काय करणार? भिडू आपापल्या सोंगाला शोभेल तसें उत्तर देतात. जेथें परिणाम उघड आहे तेथें सूत्रधार तो सांगून टाकतो; जेथें संशय आहे तेथें फांसा पडतो. पट नसला तरी अडत नाहीं, आणि हार-जीत अशी बहुधा नसतेच.

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधील एखाद्या घरांत असा खेळ मांडावयाचा झाला, तर पहिलाच प्रश्न नियमावलीचा उभा राहतो. छापील नियमावल्या शेंकड्यांनीं मिळतात, पण त्या बहुतेक इंग्रजींत असतात आणि त्यांतील नामांकित म्हणविणाऱ्या तीन-तीनशें पानांच्या असतात. घरांत डाडी सिंधी बोलणारी, शेजारी मराठी, मुलांचें शिक्षण इंग्रजींत, आणि सर्वांची मिळून बाजारांतली हिंदी. अशा मंडळींना एका बैठकींत उमगेल, आणि आज राजांची, उद्यां चोरांची, परवां चंद्रावरची अशी कोणतीहि कथा जिच्यांत मावेल, अशी नियमावली कोणती? प्रश्न आजचा दिसतो खरा; परंतु त्यावरचा वाद दीडशें वर्षांपूर्वींच पेटला होता, आणि तो पोरांनीं नव्हे, सेनापतींनीं घातला होता.

त्या वादाकडे वळण्यापूर्वी फांशाची हकीकत पाहणें इष्ट आहे. कारण ती कॅम्प ५ च्या रहिवाशांच्या मूळ मुलखांतूनच सुरू होते. सिंधमध्यें लारकाना जिल्ह्यांत मोहेंजोदडो येथें १९२२ सालीं उत्खनन सुरू झालें आणि त्याचा मोठा वृत्तांत सर जॉन मार्शल यांनीं १९३१ त प्रसिद्ध केला. तेथें भाजलेल्या मातीचे चौरस फांसे सांपडले. त्यांच्या सहा बाजूंवर एकापासून सहापर्यंत ठिपके आहेत. आजच्या फांशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते. मोहेंजोदडोच्या फांशांवर एकासमोर दोन, तिनासमोर चार आणि पांचासमोर सहा अशी मांडणी आढळली. चार हजार वर्षांत एवढाच काय तो फरक पडला! शाळेजवळच्या कोणत्याहि दुकानांत ल्यूडोबरोबर मिळणारा फांसा हा त्याचाच वंशज मानण्यास हरकत नाहीं.

पुढें फांशाबरोबर पट आला. वेरूळच्या लेण्यांत शिव आणि पार्वती द्यूत खेळत असल्याचीं शिल्पें आहेत. सोंगट्यांचा फुलीच्या आकाराचा कापडी पट तर महाराष्ट्रांत घरोघर होता, आणि 'दान पडणें', 'डाव उलटणें', 'पोबारा' असे शब्द त्या पटावरूनच बोलण्यांत उतरले. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. पट तोच, सोंगट्या त्याच; लांबट फांसे टाकले कीं चौसर होतो, कवड्या टाकल्या कीं पच्चीसी होते. नियम कोणीं छापून वांटले नव्हते. प्रत्येक गांवाची रीत थोडी निराळी असे, आणि वाद पडला तर घरांतलें वडील माणूस तो मिटवी. साधन थोडें, खेळ अनेक, आणि निकाल सांगण्यास एक मान्य माणूस, अशी ही व्यवस्था होती. पुढील सर्व इतिहासांत या तीन गोष्टींचीच ओढाताण दिसते.

भारतांतून गेलेलें चतुरंग युरोपांत बुद्धिबळ होऊन नांदत होतें. १७८० सालीं ब्रुन्सविक येथील हेलविग नांवाच्या अध्यापकानें त्याला फुगविलें. चौसष्टांऐवजीं सोळाशेंहून अधिक घरें केलीं, घरांना डोंगर, पाणी, दलदल असे रंग दिले आणि घोडेस्वार, तोफा मांडल्या. हेतु हा कीं तरुणांना युद्धशास्त्र खेळतां खेळतां शिकतां यावें. १८१२ त प्रशियाच्या राजाला फॉन राइसवित्स नांवाच्या गृहस्थानें याच जातीचा एक खेळ लांकडी मेजासह नजर केला. परंतु खरी क्रांति केली ती त्याच्या मुलानें. तो तोफखान्यांतला अधिकारी होता. १८२४ त त्यानें घरें अजीबात काढून टाकलीं आणि त्यांच्या जागीं खराखुरा नकाशा घातला. दोन्ही पक्ष आपले हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे देत, आणि त्यांच्या सैन्याला जेवढें दिसणें शक्य असेल तेवढेंच पंच त्यांना सांगे. किती माणसें पडलीं हें फांसा आणि कोष्टकें मिळून ठरवीत. सरसेनाधिकारी म्युफ्लिंग हे हा खेळ पाहून इतके प्रसन्न झाले कीं त्यांनीं पलटणींना त्याची शिफारस केली.

वर्षें लोटलीं तशीं कोष्टकें वाढत गेलीं. एक गोळीबार ठरवावयाचा तर पंचानें पुस्तक उघडावें, अंतर पाहावें, जमिनीचा चढ पाहावा, फांसा टाकावा, पुन्हां पुस्तक पाहावें. तोंवर भिडूंना जांभया येत. पंचांगावांचून पाऊल न टाकणाऱ्या माणसाची जी गत, तीच या पंचांची झाली. अखेर १८७६ सालीं जनरल फेर्डी द्यु फेर्न्वा यांनीं एक लहानसें पुस्तक लिहून कोष्टकांना रजा दिली. ज्यानें प्रत्यक्ष रणांगण पाहिलें आहे अशा पंचानें परिस्थिति ऐकावी आणि निकाल द्यावा, असा त्यांचा मार्ग होता. त्याला मोकळा युद्धखेळ म्हणूं लागले, आणि जुना तो कडक युद्धखेळ ठरला. दोन्ही पक्षांचें म्हणणें विचार करण्याजोगें होतें. मोकळा खेळ भराभर चाले व कोणतीहि परिस्थिति त्यांत बसे. पण पंच कच्चा किंवा पक्षपाती असला तर दाद कोणाकडे मागावयाची? कडक खेळांत कनिष्ठ अधिकाऱ्यालाहि पुस्तकाचा आधार असे. आजची कोणतीहि नियमावली घ्यावी, ती या दोन टोकांच्या मध्यें कोठेंतरी उभी असते.

ही कल्पना सैन्याच्या छावणींतून घरांत आली ती अमेरिकेंत. चार्ल्स टॉटन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्याचें १८८० चें 'स्ट्रॅटेगोस' हें पुस्तक मिनेसोटा संस्थानांतील डेव्हिड वेस्ली याच्या हातीं लागलें. वेस्ली व त्याचे मित्र शिशाच्या सैनिकांनीं लढाया खेळत. १९६९ सालीं त्यानें नेपोलियनच्या काळांतील ब्राउनश्टाइन नांवाचें एक काल्पनिक शहर मांडलें. पण सर्वांनाच सेनापति न करतां कोणाला नगराध्यक्ष, कोणाला विद्यार्थ्यांचा पुढारी अशीं सोंगें वांटलीं. मंडळी कोपऱ्यांत जाऊन कट करूं लागली, दोघांनीं तर परस्परांस द्वंद्वाचें आव्हान दिलें, आणि ज्या लढाईसाठीं सारें मांडलें होतें ती तशीच राहून गेली. वेस्लीला वाटलें खेळ फसला. भिडू मात्र पुन्हां कधीं खेळावयाचें म्हणून विचारीत आले.

त्या भिडूंपैकीं डेव्ह आर्नेसन यानें १९७१ त ब्लॅकमूर नांवाचा काल्पनिक मुलूख रचून त्यांत हीच रीत चालविली. पुढें गॅरी गायगॅक्स याच्याशीं त्याची जोडी जमली, आणि जानेवारी १९७४ मध्यें 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाहेर पडला. एका पेटींत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिल्या प्रती एक हजार. सोंगाच्या बैठ्या खेळाचा जन्म येथून धरतात. त्याचें यश निर्विवाद आहे. परंतु त्या पहिल्या पुस्तिका समजण्यास अवघड होत्या हेंहि तितकेंच निर्विवाद आहे. शिवाय त्याला चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फांसे लागत. असे फांसे त्या वेळीं अमेरिकेंतसुद्धां शाळांच्या गणितसाहित्यांतून मिळवावे लागले. मग इतरांची काय कथा!

सोप्या नियमावलीचा शोध त्यामुळें दुसऱ्याच वर्षीं सुरू झाला. ॲरिझोना संस्थानांतील फिनिक्स येथें केन सेंट आंद्रे यानें ती पेटी पाहिली, कल्पना आवडली, नियम आवडले नाहींत. त्यानें १९७५ त 'टनेल्स अँड ट्रोल्स' लिहिला आणि त्यांत साधे सहा बाजूंचे फांसे घेतले. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर' या अंतराळांतील खेळांत दोनच फांसे पुरतात. दोन्ही मिळून आठ किंवा अधिक पडले कीं काम झालें. म्हणजे छत्तिसांतून पंधरा वेळां. हिशेब एका श्वासांत सांगून होतो.

एकच यंत्र अनेक कथांना जोडण्याचा प्रयत्न १९८० सालीं झाला. केऑसियम या संस्थेनें आपल्या एका मोठ्या खेळाचा गाभा काढून सोळा पानांची पुस्तिका छापली. त्यांतील रीत शेंकड्याची आहे: पोहण्यांत चाळीस म्हणजे शंभरांतून चाळीस वेळां पार. व्याजाचा दर समजणाऱ्या कोणत्याहि व्यापारी घराला हें शिकवावें लागत नाहीं. त्याच यंत्रावर पुढच्या वर्षीं 'कॉल ऑफ क्थुलू' ही भयकथा उभी राहिली, आणि ती आजहि खेळली जाते. १९८६ त स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'गर्प्स' नें याहून मोठी प्रतिज्ञा केली: जगांतील कोणतीहि कथा, तीन साधे फांसे. ज्याचें कौशल्य दहा आहे त्यानें दहा किंवा कमी टाकावें. हें बरोबर निम्म्या वेळां घडतें. पाया इतका सुबक असूनहि त्यावर विद्या, दोष, शस्त्रें, वाहनें यांच्या याद्यांचे मजले असे चढले कीं सोंग तयार करण्यांतच पहिली संध्याकाळ संपावी. सर्व कथांना पुरणारी नियमावली सोपी असेलच असें नाहीं, हा या प्रकरणाचा निष्कर्ष.

या सर्वांत कॅम्प ५ च्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ येतें तें १९९२ चें 'फज'. स्टेफन ओसलिव्हन यानें तें योजिलें आणि संगणकांच्या जाळ्यावर अनेकांशीं चर्चा करून घडविलें. त्यांत आंकड्यांऐवजीं शब्द आहेत. माणसाचा गुण सात पायऱ्यांत सांगावयाचा. मराठींत त्या टाकाऊ, कच्चा, सुमार, बरा, चांगला, उत्तम, अप्रतिम अशा सहज म्हणतां येतील, सिंधींत सिंधी शब्द येतील. फांसे चार. प्रत्येकाच्या दोन बाजूंवर अधिक, दोहोंवर उणें आणि दोन कोऱ्या. भिंत चढण्यास 'चांगला' लागतो, गडी 'बरा' आहे, आणि फांशांनीं एक अधिक दिला. 'बरा' चा 'चांगला' झाला, गडी चढला. एवढाच नियम. ही नियमावली पुढें मुक्त परवान्याखालीं आली, आणि तिच्यावरून निघालेल्या 'फेट' चे नियम तर नांव नमूद करून कोणीहि भाषांतरित करून छापूं शकतो. ही बाब क्षुल्लक नाहीं. १९७४ च्या त्या प्रसिद्ध खेळाच्या मालकांनीं परवाना बदलण्याचा घाट घातला, तेव्हां जानेवारी २०२३ मध्यें इतका गहजब झाला कीं त्यांना तो बेत सोडून मूळ नियमच मुक्त करावे लागले. ज्या भाषेंत अद्याप कांहीं छापलेंच नाहीं, तिला असा मोकळेपणा सर्वांआधीं हवा.

अधिक-उण्याचे फांसे येथील दुकानांत मिळत नाहींत. आणि मिळावेतच असें नाहीं. साध्या फांशावर एक-दोनाला उणें, तीन-चाराला शून्य, पांच-सहाला अधिक मानलें कीं झालें. याहून सुटसुटीत उपाय पच्चीसीच्या डब्यांत आहे. आठ कवड्या टाकाव्या, उताण्या पडतील त्या मोजाव्या आणि त्यांतून चार वजा करावे. उणें चारापासून अधिक चारापर्यंत, म्हणजे चार फांशांची जी कक्षा तीच, हातीं येते. कवडी दोन्ही अंगांनीं सारखी पडते असें धरलें तर कांहीं न बदलण्याचें दान शंभरांत सुमारें सत्तावीस वेळां पडेल. फांशांनीं तें तेवीस वेळां पडतें. टोंकाचें अधिक चार फांशांनीं एक्याऐंशींतून एकदां, कवड्यांनीं दोनशें छपन्नांतून एकदां. म्हणजे कवड्यांचा खेळ थोडा शांत होतो, चमत्कार कमी घडतात. खरी कवडी अगदीं समतोल नसते. पण तिचा कल सर्व भिडूंना सारखाच लागू असल्यानें कोणाची तक्रार राहत नाहीं.

आतां सूत्रधाराचा प्रश्न उरतो, आणि घरगुती खेळांत तोच अवघड आहे. फेर्डी यांच्या मोकळ्या पद्धतींत पंच हा अनुभवी सेनानी होता. घरांत तें आसन आपोआप काकांकडे जातें, आणि काकांच्या निकालावर बारा वर्षांची मुलगी काय बोलणार? म्हणून केवळ तोंडी निकालावर चालणारा खेळ, कितीहि सोपा असला तरी, एकत्र कुटुंबाला मानवत नाहीं. कवडी सर्वांसमोर पडते. ती काकांना ओळखत नाहीं. थोडा नियम हवा तो याचसाठीं. आणि सूत्रधार दर बैठकीला बदलावा, तोहि याचसाठीं.

कथांची वाण मात्र या वस्तीला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणींत १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय करण्यांत आली. त्यांची संख्या लाखाच्या आसपास होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याला नांव मिळालें. सैनिकांच्या बराकी पडद्यांनीं, मग भिंतींनीं विभागून कुटुंबें राहूं लागलीं. पत्त्यांत बराकीचा क्रमांक लिहिण्याची रीत अजून आहे. छावणीचे पांच कॅम्प हे नगराचे पांच भाग झाले, आणि त्यांतील पांचवा अंबरनाथच्या शेजारचा.

सिंधी भाषेला १९६७ सालीं राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें, तरी तिच्या अरबी वळणाच्या लिपींतलें लिखाण वाचणारीं मुलें आज विरळा. ज्यांनीं सिंध डोळ्यांनीं पाहिला तीं माणसें आतां ऐंशी-नव्वदीच्या घरांत आहेत, आणि त्यांच्याजवळ आहे तें बहुतेक तोंडींच आहे. तीनशें पानांच्या इंग्रजी पुस्तकाचा खेळ मांडला तर खोलींतलें जें माणूस सर्वांत अधिक जाणतें तेंच प्रथम बाहेर बसेल. सात शब्द आणि आठ कवड्यांच्या खेळांत तें सूत्रधारहि होऊं शकेल. कराचीच्या धक्क्यावर बोट सुटण्याच्या दिवशीं काय काय विकलें जात होतें, सामान कोण उचलीत होतें, रात्रीं स्वयंपाक कशावर होत होता, हें कोणत्याहि नियमावलींत सांपडणार नाहीं.

तथापि पहिल्याच बैठकीला १९४७ ची कराची घेऊं नये. तीं सोंगें नव्हेत; कोणाच्या तरी बापाची, बहिणीची ती हकीकत आहे, आणि उणें चाराचें दान तेथें नको त्या ठिकाणीं लागेल. त्या काळाची बैठक वडीलधाऱ्यांनीं स्वतः मागितली तरच मांडावी, आणि तिचें सूत्रधारपण त्यांच्याकडेच द्यावें. आरंभाला अंबरनाथचें शिवालय बरें. तें कॅम्प ५ पासून फार लांब नाहीं, सर्वांनीं पाहिलेलें आहे, आणि शिलाहार राजा मम्वाणि याच्या कारकीर्दींत इ. स. १०६० मध्यें तें पुरें झाल्याचा शिलालेख आहे. काम संपत आलें आहे, पावसाळा तोंडावर आहे, आणि शिखरासाठीं आणलेला एक कोरीव दगड रात्रींत नाहींसा झाला आहे. एक भिडू पाथरवट, एक राजाचा कारकून, एक वालधुनीच्या कांठचा गुराखी, एक परगांवाहून आलेली नर्तकी. प्रत्येकाचे तीन गुण कागदाच्या चिठोऱ्यावर लिहावे, एक 'उत्तम', एक 'बरा', एक 'कच्चा'. चटई घालावी, कवड्या मध्यें ठेवाव्या, आणि दगड प्रथम कोणाला दिसला नाहीं एवढें सूत्रधारानें विचारावें.